डोंबिवली–काठमांडू, व्हाया खडवली

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
निर्णय झाला. डोंबिवली–काठमांडू हायस्पीड रेल्वे. प्लॅन मीच करणार. कंपनीत बत्तीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, प्लॅनिंग मला नवीन नाही. फेब्रुवारीत कलावतीची साठी. तिला पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचंय. विमानाने दोन-तीन तासांत पोहोचतो म्हणाली. विमानाला माझा तात्त्विक विरोध आहे. भीती वगैरे नाही. श्रीनगरच्या वेळी एअरपोर्टवरून परत आलो ते पोट बिघडलेलं म्हणून. तीही मुकाट्याने माझ्याबरोबर परत आली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.
गोरखपूरपर्यंत गाडी आणि पुढे बस, असंही जाता येतं. पण घाटात बस लागते. (तिला.)

५ नोव्हेंबर
भारताचा मोठा नकाशा आणला. कपाटाच्या दारावर लावला. टाचण्या मारल्या. कलावतीच्या लोकरीच्या गुंड्यातून लाल लोकर घेऊन लाईन ओढली. काठमांडू नकाशात सापडलं नाही. अंदाजाने तिची टिकली चिकटवली.

९ नोव्हेंबर
कमिटी स्थापन. मी अध्यक्ष, वरच्या मजल्यावरचा प्रशांत सचिव. तीस वर्षांची दोस्ती. खडवलीला थांबा हवा म्हणाला, तिथे त्याचं शेतघर आहे. मी म्हटलं, तीनशेच्या स्पीडची गाडी खडवलीला थांबत नाही. चहा न पिता उठला.

१० नोव्हेंबर
खडवली मंजूर. दोन मिनिटं. तांत्रिक कारणास्तव.

१६ नोव्हेंबर
प्रशांतची बायको मंजुळावहिनी, त्यांचं माहेर इगतपुरी. मंजूर. कलावतीने एकही थांबा मागितला नाही. फेब्रुवारीपर्यंत होईल का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कागदावर आलं की काम झालंच समज.

१२ डिसेंबर
सरकारला पाठवलेल्या पत्राची पोचपावती आली. म्हणजे तत्त्वतः मान्यता.

२८ डिसेंबर
इटारसीच्या पुढची लोकर गायब! चौकशी केली. कानटोपी विणतेय, गुंडा संपला, म्हणाली. रागावणार होतो. मग लक्षात आलं, माझ्यासाठी असणार. काठमांडूला थंडी असते. माप मात्र स्वतःच्या डोक्यावर घेत होती. अंदाजाला घेत असेल.

११ जानेवारी
कलावती आणि मंजुळावहिनी जिन्यात कुजबुजतात. मी आलो की गप्प. प्रशांत मीटिंगला तिसऱ्यांदा गैरहजर. बहुतेक माझ्या सत्काराची तयारी.

१९ जानेवारी
लोकर आता फक्त नाशिकपर्यंत, बोटभर. टोपीला गोंडा हवा होता म्हणे. लाईन टप्प्याटप्प्यानेच करावी असं माझंही मत होत चाललंय.

३० जानेवारी
विश्वासघात!!
फ्रिजवर विमानाची तिकिटं. प्रशांत, मंजुळा, कलावती. मुंबई–काठमांडू. कमिटीचा सचिव विमानाने जातो! प्रशांतला जाब विचारला. म्हणाला, अरे, तुला चारदा विचारलेलं, तू दर वेळी सर्व्हे चालू आहे म्हणालास. घरचा भेदी. खडवलीचा थांबा आजपासून रद्द.
कलावतीला म्हटलं, दोन वर्षं थांबलीस तर काय बिघडेल? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, श्रीनगरच्या वेळी मी परत आलेले, आता नाही येणार. फार लागलं.

८ फेब्रुवारी, पहाटे ४.३०
सोडायला एअरपोर्टवर जातोय. माझा हिशोब पक्का आहे. गेटवर माझा चेहरा बघून ती वळणार. घरी दोघांच्या चहाचं आधण ठेवून, गॅस बंद करून निघालो.

त्याच दिवशी, ८.१५
वळली. हात हलवला. वरण फ्रिजमध्ये आहे म्हणाली आणि आत गेली. मी काचेबाहेर बराच वेळ उभा होतो. दोघांचा चहा एकट्याने प्यालो.

१० फेब्रुवारी
प्रशांतने फोटो पाठवला. पशुपतिनाथाच्या वाटेवर कलावती, डोक्यावर लाल कानटोपी. गोंड्यासकट. इटारसीपासूनची माझी लोकर मी ओळखतो. लाईन काठमांडूला पोहोचली, अध्यक्षांना न घेता. फोटोत ती हसतेय. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं ते आठवत नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतंय.
जेवलात का, असा तिचा मेसेज आला. हो लिहिलं. जेवलो नव्हतो.
टाचण्या काढून डबीत ठेवल्या. काठमांडूची टिकली नकाशावरून अलगद काढली आणि बेसिनच्या आरशाला तिच्या जागी लावली. आल्यावर तिला लागेल.