पुरायच्या आधी

केप-ब्लाँ, प्रिन्स एडवर्ड आयलंड
२ जून

चि. ओडेट हिस,
पपांचे आशीर्वाद. वि. वि. रोगाने खाडीतली निम्मी कालवं मेली. आपली मात्र तगली. ती का तगली हे तू कळवलंस तेव्हापासून मी चर्चच्या हॉलमध्ये कॉलर ताठ करून हिंडतो आहे. पेशीतल्या उनाड जनुकांना गप्प बसवणारे बारके आरएनए आपल्या कालवांत भरपूर, इतरांच्यात तुटपुंजे, हे सगळ्यांना असं समजावलं की जणू मीच शोधलं.

शनिवारी सगळे आपापली बीजासाठी राखलेली कालवं चुना घालून पुरणार आणि यापुढे आपल्या घरचंच बीज घेणार. तुझा चुलतभाऊ रेआल म्हणतो, काका कालवांचे पोप झाले, आता अंगठीचा मुका घ्यायचा तेवढा राहिला. त्याचं तोंड तुला माहीत आहेच. बाकीचे घाबरलेत. पणजोबांपासून जपलेलं वाण पुरायचं म्हणजे सोपं नाही. तू पुन्हा एकदा खात्री दे.

तब्येतीला जप. लोभ आहेच, पत्राला उशीर करू नकोस.
पपा

हॅलिफॅक्स
४ जून

ति. पपांना,
ओडेटचा नमस्कार. वि. वि. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं रेआल पदरचं घालून सांगेल, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. शनिवारी कुणीही काही पुरू नये.

तपासणीसाठी तुम्ही आपल्यातली टपोरी कालवं निवडून पाठवलीत, विद्यापीठात मुलीची मान खाली जायला नको म्हणून. शेजाऱ्यांनी मोठी विक्रीला ठेवून बारकी दिली. कालव लहानपणी नर असतं आणि थोराड झालं की बहुतेक मादी होतं, हे मी तुमच्याकडूनच ऐकत वाढले. तरी अख्खं मांस वाटून तपासलं आणि नर-मादी बघायचं विसरले. काल उरलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आपली सगळी माद्या, अंड्यांनी भरलेल्या. शेजाऱ्यांची सगळी नर. हे आरएनए अंड्यांतच जास्त असतात. म्हणजे मी रोगाशी लढायची ताकद मोजलीच नाही. आपली का तगली, मला माहीत नाही.

माझे प्राध्यापक म्हणतात, पुन्हा तपास आणि मग बोल. तोवर शनिवार उलटेल. तुम्हाला चारचौघांत खाली बघावं लागेल, याचं फार वाईट वाटतं आहे. तरी हे पत्र हॉलमध्ये वाचा. मग हवं तेवढं रागवा, पण लोभ असू द्या.
ओडेट

केप-ब्लाँ
७ जून

चि. ओडेट हिस,
आशीर्वाद. वि. वि. आधी रागावलो, खोटं कशाला सांगू. मग हॉलमध्ये उभा राहून शब्दन् शब्द वाचला. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या तेओफिलने विचारलं, मग आता करायचं काय. मी म्हणालो, माहीत नाही, पण पुरायची घाई नको. लोकांनी चुन्याची पोती परत गाडीत चढवली.

रेआल तेवढा जागचा हलला नाही. त्याने आपली कालवं बुधवारीच पुरून टाकली होती. चारचौघांत टिंगल करायची आणि घरी गेल्यावर ओडेट म्हणते म्हणजे खरंच असणार म्हणायचं, हा त्याचा खाक्या मला कालच कळला. माझ्या भावाने मरताना त्याच्या हवाली केलेलं वाण होतं ते. मला म्हणाला, तिला सांगू नका काका, पोरगी आधीच घाबरली असेल.

मी सांगतो आहे. त्याला तू लिही, माझ्यामार्फत नको. आमचा लोभ आहे तसाच आहे.
पपा