कलम पहिले आणि तुमचा हात

खुर्सीपार, भिलाई
गुरुवार, दुकान बंद ठेवून

आदरणीय बेबीताई,

धाकट्या बहिणीच्या, कमलिनीच्या नवऱ्याचा, म्हणजे देवरावचा, तुम्हाला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटले तरी तुम्ही चढत असणार. केवलरामभाऊंचे कानाचे यंत्र दुरुस्त झाले का? झाले नसेल तर माझ्याकडे पाठवा. मी जळलेल्या मोटारींत तांब्याची तार भरणारा माणूस, कानाचे यंत्र माझे काम नाही हे मला कळते, पण उघडून पाहायला हरकत नसावी. धान घरात आले असेलच.

फोन सोडून पत्र कशाला, असे तुमच्या मनात येईल. कमलिनी माझा फोन उचलत नाही. तुम्हाला लावला की तुम्ही तो केवलरामभाऊंच्या हातात देता, आणि ते बंद यंत्र कानात घालून ‘हॅलो, कोन?’ एवढेच बोलत राहतात. शिवाय आलेले पत्र तुम्ही ओसरीवर बसून मोठ्याने वाचता आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला ते आपोआप ऐकू जाते, ही सोय फोनमध्ये नाही. म्हणून सुरुवातीलाच एक विनंती. कंसातला मजकूर कृपया मनात वाचावा. तो फक्त तुमच्यासाठी आहे.

कमलिनी रविवारी तुमच्याकडे तुमसरला पोचली. तिने काय सांगितले मला माहीत नाही, काहीच सांगितले नसण्याचीही शक्यता आहे (तेच जास्त भीतीचे). म्हणून घटना जशी घडली तशी, क्रमाने, काहीही न वगळता मांडतो.

तुम्हाला ठाऊक आहेच की गेली दहा वर्षे मी आमच्या वॉर्डासाठी एक भूमिका तयार करतो आहे. मला कुणी शिकवले नाही. नववीनंतर शाळा सुटली, पण संविधान मी स्वतः वाचले, दोन भाषांत वाचले, आणि जिथे समजले नाही तिथे वकिलाला न विचारता पुन्हा वाचले. नाली आणि नळ याबद्दल सगळेच बोलतात. माझी भूमिका माणसाच्या हक्कांबद्दल आहे. सज्ञान मुलामुलीने कुणाशीही लग्न करावे, शेजाऱ्यांनी फक्त खुर्च्या पुरवाव्यात, हे कलम चार. घराच्या पाटीवर बाईचे नाव असावे, आणि ते नवऱ्याच्या नावाच्या खाली बारीक अक्षरात नसावे, हे कलम सहा. झाडू मारणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, ‘ए’ म्हणू नये, हे कलम तीन. एकूण कलमे अकरा. आणि सगळ्यांच्या वर, ज्यावर बाकीची दहा उभी आहेत ते कलम पहिले: कुठल्याही माणसाबद्दलचा निर्णय त्या माणसाला विचारल्याशिवाय घेतला जाणार नाही. हे एक वाक्य घासूनपुसून बसवायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. कूलरच्या मोटारींचा सीझन होता, गिऱ्हाईक दारात उभे आणि मी ‘विचारल्याशिवाय’ लिहू की ‘संमतीशिवाय’ या विचारात.

आता काय झाले, तर नगर निगमच्या निवडणुकीची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मी त्याचे स्वागत केले. चौकात उभे राहून केले. (घरी येऊन कोरा चहा घेतला आणि थोडा वेळ पंख्याकडे पाहत पडलो, हे कुणाला सांगण्याची गरज नाही.) आमच्या इकडची रीत तुम्हाला माहीत नसेल. जागा बाईची निघाली की अर्ज बाईच्या नावाने भरायचा आणि हार नवऱ्याने घालून घ्यायचे. पुढची पाच वर्षे लोक नवऱ्यालाच ‘पार्षदजी’, म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक, म्हणतात, बाई सहीपुरती. माझे कलम पाच नेमके याच्या विरोधात आहे: पत्नीच्या खुर्चीत पती बसणार नाही. मी ते पाळणारच होतो. मी बाजूला वेगळे स्टूल ठेवणार होतो.

तर कमलिनी उभी राहील हे ठरले. कुणी ठरवले हा प्रश्न इथे येतो, पण तो क्रमाने येऊ द्या.

पत्रक आणि पोस्टर छापायला मी रोशनकडे दिले. रोशनचा छापखाना म्हणजे एक कॉम्प्युटर आणि एक मोठे मशीन, पण पोरगा हुशार आहे. त्याला कमलिनीचा फोटो हवा होता. माझ्याकडे तिचा एकटीचा फोटो निघाला नाही. (बेबीताई, तीस वर्षांत एक नाही. मी लोखंडी कपाट पूर्ण उपसले.) शेवटी तुमच्या टीनाच्या लग्नातला तो फोटो दिला, ज्यात तुम्ही दोघी बहिणी शेजारी उभ्या आहात आणि तुमचा हात तिच्या खांद्यावर आहे. रोशनने तुम्हाला कापले. राग मानू नका, उमेदवार एकच असतो. पण हात काही त्याला कापता आला नाही, कारण तो तिच्या पदराच्या घड्यांत रुतलेला होता. मी म्हटले, राहू दे, हात तर हात. आणि माझा फोटो त्याने स्वतःहूनच मोठा करून वर टाकला, हात जोडलेला. म्हणाला, ‘अंकल, ऐसा ही लगता है, सब ऐसा ही लगवाते हैं.’ मी तपासत होतो शब्द. फोटो मी नीट पाहिला नाही.

शनिवारी सकाळी पोस्टरे लागली आणि दुपारपर्यंत अख्ख्या खुर्सीपारात एकच चर्चा, की हा हात कुणाचा. हात हे चिन्ह कुणाचे आहे हे तुम्हाला सांगायला नको. अपक्ष म्हणून उभा राहतो आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून घेतो, म्हणजे आतून सेटिंग आहे, असे लोक बोलू लागले. दोन माणसे दुकानात येऊन माझे अभिनंदन करून गेली, एकाने निषेध केला. मी प्रत्येकाला समजावले की हा हात तुमसरचा आहे, माझ्या मोठ्या मेहुणीचा आहे, आणि तो कुठल्याही पक्षात नाही. हे सगळे समजावता समजावता मी विसरलो की कमलिनी त्या वेळी बाजारात गेली होती.

तिला चौकातल्या भाजीवालीने बधाई दिली. ती घरी आली, पिशवी ठेवली, कोथिंबीर निवडली. मग मला म्हणाली, ‘चौकात एक बाई लावून ठेवली हाय भिंतीले. माह्यासारखीच दिसते.’

मी म्हटले, ‘तूच आहे ते.’

‘हो का? मंग मले कोनी सांगाले पाह्यजे होतं.’ तिने पिशवीतून पत्रक काढले, वांग्यांबरोबर आले होते ते. ‘येच्यातलं एक नंबर वाचा बरं.’

‘तुले माहीत आहे ते.’

‘वाचा ना. तुमचंच हाय.’

मी वाचले. बेबीताई, ते वाक्य मी किती वेळा किती लोकांसमोर वाचले असेल, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात, समोर कोथिंबिरीच्या काड्या, आणि ते नीट शेवटपर्यंत जाईना.

‘मंग मले कावून नाही इचारलं?’

खरे तर मला पुष्कळ उत्तरे देता आली असती. राखीव जागेची मुदत, छापखान्याची घाई, आणि घरातल्या माणसाला वेगळे काय विचारायचे. पण तोंडून निघाले ते भलतेच. मी म्हटले, ‘तू नाही म्हणशील म्हणून.’

‘आता बरोबर बोलले,’ ती म्हणाली. रागावून नाही. मला वाटते थोडी हसलीसुद्धा (हे मात्र मोठ्याने वाचा, आणि ती काय करते ते बघा). दुसऱ्या दिवशी पॉवर हाऊस स्टेशनवरून गोंदियाची गाडी धरली. मी बॅग घेऊन फलाटापर्यंत गेलो. गाडी हलल्यावर तिने खिडकीतून सांगितले की दूध उतू जाऊ देऊ नका. ते त्याच संध्याकाळी गेले.

वॉर्डात मी सांगितले की उमेदवार महाराष्ट्र दौऱ्यावर आहेत. इथवर सगळे सुरळीत होते. पण सोमवारपासून दारावर माणसे येऊ लागली आणि त्यातले एकही माझ्याकडे आलेले नव्हते. ‘दीदी हवय का?’ म्हणजे दीदी आहेत का. ‘आंटी कब आएँगी?’ ‘कमलाबाई नाही का?’ मी दहा वर्षे दुकानात हक्कांवर बोलतो आहे, आणि मागच्या दाराने ही एवढी वर्दळ चालू होती हे मला ठाऊक नव्हते. मला वाटायचे बायका विरजण मागायला येतात.

मंगळवारी शेजारची शिल्पा आली. नर्स आहे, नवऱ्यापासून वेगळी राहते, पोराच्या दाखल्यासाठी शाळेत वडिलांची सही मागत होते आणि कमलिनी तिच्याबरोबर जाणार होती. मी म्हटले, मी येतो, हा तर माझ्या कलम आठचा विषय, आईचे नाव पुरेसे आहे, आणि तिला उभ्याउभ्या सगळा कायदा सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘अंकल, आप समझाते बहुत हो. आंटी बस बगल में बैठ जाती हैं.’

तरी मी गेलो. बगल में बसलो. शाळेच्या बाबूने विचारले, हे कोण, मी म्हटले, शेजारी. त्यानंतर मी एक शब्द बोललो नाही. (बाबूने नियम चुकीचा सांगितला, दोनदा सांगितला, आणि मी गप्प राहिलो. माझ्या सार्वजनिक जीवनातला हा सर्वांत अवघड प्रसंग होता.) शिल्पा स्वतःच बोलली, हळू आवाजात, पण मागे न हटता. शेवटी बाबूने वडिलांची सही न घेता अर्ज ठेवून घेतला. बाहेर आल्यावर ती मला ‘थँक्यू अंकल’ म्हणाली, आणि मला कळेना की मी केले काय.

आणि काल सकाळी आमच्या गल्लीत झाडू मारणारी बाई दिसली. कलम तीन आठवले. म्हटले, आज आपण हाक मारू, नावाने मारू. तोंड उघडले आणि नावच नाही. इतकी वर्षे ती झाडते आहे. मी जाऊन विचारले, बाई, आपले नाव काय? ती घाबरली, तिला वाटले तक्रार करतो आहे. ‘काबर पूछथस बाबू, का होगे?’ कशाला विचारता, काय झाले, असे. मी म्हटले, काही नाही, सहज. ती झाडू सावरत म्हणाली, ‘दीदी ला पूछ ले. वो जानथे.’

तर अशी हकीकत आहे. कलमे अकरा लिहिली मी, आणि पाहतो तर ती घरात आधीपासूनच चालू होती, न लिहिता, दुधाच्या पातेल्याशेजारी. माझी उमेदवाराची निवड अगदी अचूक होती, एवढे मी आजही छाती पुढे करून सांगेन. फक्त पद्धत चुकली.

अर्ज भरायची मुदत सोमवारपर्यंत आहे. पण या पत्राचा त्याच्याशी काही संबंध नाही (स्पीड पोस्टाने टाकतो आहे, उद्या पोचेल, उत्तर तेवढे फोनवर द्या). हे पत्र केवळ माहितीसाठी आणि गुडघ्याच्या चौकशीसाठी आहे. घरातल्या सगळ्यांना ज्याचे त्याला नमस्कार-आशीर्वाद वाटून द्यावेत. कमलिनीच्या वाट्याला काय द्यायचे ते तुम्हीच ठरवा, मी ठरवत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
देवराव

ता. क. – कमलिनीचा चष्मा इथेच देवघराजवळ राहिला आहे. टपालाने पाठवला तर काच फुटेल, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती देण्यासारखी ती वस्तू नाही. तो कुणीतरी स्वतः आणून द्यावा लागेल असे दिसते.

ता. क. दुसरी – बेबीताई, आता खरे काम. तिला विचारा. सांगू नका, समजावू नका, माझी बाजू मांडू नका, तुमची तर मुळीच मांडू नका. फक्त विचारा की उभी राहशील का. नाही म्हणाली तर ते नाही, मी सोमवारी दुकान उघडीन आणि मोटारी भरीन. हो म्हणाली तर पोस्टरावर माझा फोटो राहणार नाही, आणि स्टूलही नाही. ते झाले की दुसरे विचारा, की देवराव शनिवारी चष्मा घेऊन आला तर चालेल का. दोन्हींत एकाच गोष्टीला हो मिळणार असेल, तर ते दुसऱ्या प्रश्नाला मिळावे. आणि त्या झाडूवाल्या बाईचे नाव तेवढे विचारून ठेवा.

ता. क. तिसरी – पोस्टरे मी काल स्वतः खरवडून काढली. रोशनची खळ चांगली असते, एक काही पूर्ण निघाले नाही. माझा फोटो सहज गेला. चौकातल्या भिंतीवर तिचा खांदा आणि त्यावर तुमचा हात, एवढे उरले आहे. लोक अजून विचारतात, हात कुणाचा. मी येईपर्यंत तो तिच्या खांद्यावर तसाच असू द्या. कंस काढून सगळे मोठ्याने वाचले तरी चालेल.