सोबत कोण आहे?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी दोन अंगे संपावर आहेत, तेवढी वजा धर.

पाण्याजवळ फिरकू नकोस, असे तू बजावलेस. म्हणून रविवारी थेट तळ्याच्या मधोमध गेलो.

घाटावरचा रखवालदार माझ्या चाकांच्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "तुम्हाला एकट्याला होडी मिळणार नाही. सोबत कोण आहे?"

"तुम्ही," मी म्हणालो.

बिचारा आला. वल्ही मी मारली. तो होडीची कड घट्ट धरून ओरडत होता, "साहेब, हळू! मला पोहता येत नाही!"

परत खुर्चीत बसताना दोनदा घसरलो, हे आईला सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

निघताना रखवालदार हात जोडून म्हणाला, "पुढच्या वेळी एकटेच जा."

मी तरी दुसरे काय मागत होतो?

तुझा आज्ञाभंगात पारंगत,
धाकटा