अभ्यास चालू आहे

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५

आजपासून ही वही. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची की नाही, एवढ्या एकाच प्रश्नासाठी. प्रश्न तसा सोपा आहे. पण सोप्या प्रश्नातच माणसं फसतात.

परिस्थिती अशी. हिची जानेवारीत बदली झाली. नव्या हॉस्पिटलची लॅब घरापासून ४६ किलोमीटर. ड्यूटी सातची. ही पावणेपाचची बस पकडते, मध्ये एकदा बदलते, संध्याकाळी उलट तसंच. आमच्या जुन्या गाडीने डिसेंबरातच मान टाकली. माझं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे मला काही झळ नाही.

हॉस्पिटलने हिला तिथेच क्वार्टर देऊ केलं आहे. एक खोली. २५ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. ते घेतलं तर ही सोमवार ते शनिवार तिकडे आणि फक्त रविवारी घरी.

तशी वेळ येणार नाही. पंधरा तारखेपर्यंत निर्णय, असा हिला शब्द दिलाय. पैशांची सोय आहे, हिला गाडी उत्तम चालवता येते. राहिला फक्त अभ्यास.

४ मार्च, बुधवार

शोरूमला जाऊन आलो. सेल्समन टक्कल पडलेला, गोडबोल्या. म्हणाला, एका चार्जमध्ये ४१० किलोमीटर. मी नुसता हसलो. एकवीस वर्षं वजनकाटे तपासतोय, भाजीवाल्याच्या काट्यापासून ट्रकच्या काट्यापर्यंत. बनवणारा स्वतःच्या मालाबद्दल जे सांगतो त्याला आमच्या खात्यात पुरावा म्हणत नाहीत.

मुलगी नववीत आहे. म्हणाली, आईचं जाऊन-येऊन ९२ होतं, कंपनीचा आकडा निम्मा धरला तरी दोनदा जाऊन येईल. मी म्हणालो, मुद्दा तो नाही. मग कोणता, तिने विचारलं. हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही.

७ मार्च, शनिवार

तुलनेचा तक्ता तयार. गाड्या पाच, रकाने चौसष्ट. ‘डिकीत पाणी शिरतं का’ हा रकाना खास माझा, दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात सापडणार नाही. व्हिडिओ सव्वीस पाहिले. तेरा जण घ्या म्हणतात, तेरा जण घेऊ नका. आणखी एक पाहायला हवा.

ही जेवताना ताटावरच पेंगली. घास हातातच. मी व्हिडिओचा आवाज कमी केला.

११ मार्च, बुधवार

आज मोठी लढाई होती. पार्किंगमध्ये चार्जर बसवायला सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी आडमुठे म्हणून प्रसिद्ध. मी वादाचे सात मुद्दे लिहून नेले होते. पहिला मुद्दा संपायच्या आत त्यांनी सही केली.

इतक्या सहज सही मिळते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. वायरमनला फोन केला. म्हणाला, दोन तासांचं काम, उद्या येऊ? घाई करू नका म्हणून सांगितलं. काय हा उतावीळपणा.

१५ मार्च, रविवार

निर्णयाचा दिवस. निर्णय असा की निर्णय २० तारखेला.

कारण ठोस आहे. दोन-तीन वर्षांत नव्या प्रकारची बॅटरी येणार म्हणतात. मग आज घेतलेली गाडी जुनी नाही का होणार? हिला नीट समजावून सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली. पटलं असावं.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.४०

हिची बस चुकली. दुसरा लेटमार्क. तिसऱ्याला मेमो.

ही म्हणाली, मला गाडीचा अभ्यास नकोय, गाडी हवी आहे. एवढं तोडून बोलायची हिला सवय नाही. काळजात चर्र झालं. उद्यापासून झपाटून मागे लागायचं.

२० मार्च, शुक्रवार

झपाटून लागलो. आज निर्णय घ्यायचा होता, पण त्याहून भारी काम केलं. उद्या दिवसभरासाठी टेस्टची गाडी मिळवली. हिला ड्यूटीवर सोडायचं, तेही चाचणी घेत. निघणं ५.४०, पोचणं ६.५०, ड्यूटी सातची. दहा मिनिटं हातात.

ही म्हणाली, मी बसनेच जाते. मी म्हणालो, एकदा विश्वास ठेवून तर बघ. ठेवला.

२१ मार्च, शनिवार. सकाळी ११.३०

क्रमाने लिहितो.

५.४०. निघालो. एसी बंद, काचा बंद, वेग चाळीस. चाचणी म्हणजे चाचणी. ही म्हणाली, गुदमरतंय. मी म्हणालो, काच उघडली की आकडे बिघडतात.

६.१५. निम्मी वाट. इथे आठवलं की मोजायला लागण्याआधी काटा शून्यावर आणायचा राहिलाच. आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तोच विसरलो. गाडी कडेला घेतली. स्क्रीनवर ‘रीसेट’ होतं, दाबलं. रेंजचा, म्हणजे अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा गेला आणि त्या जागी तीन आडव्या रेघा आल्या.

ही म्हणाली, गाडी चालू आहे ना, मग चालवा. मी म्हणालो, रेघा म्हणजे काहीच शिल्लक नाही, मध्येच बंद पडली तर? ही म्हणाली, तेव्हा बघू. तेव्हा बघू म्हणून काटे तपासत नसतात.

६.२३. नशिबाने जवळच चार्जिंग स्टेशन. आधी अ‍ॅप घ्या. मग पासवर्ड. मग ओटीपी. ओटीपी येईना. ही एकदा घड्याळाकडे बघत होती, एकदा रस्त्याकडे. ६.४० ला ओटीपी आला, टाकेपर्यंत त्याची मुदत संपली. पुन्हा मागवला.

६.४४. ही उतरली. दुधाच्या टेम्पोला हात केला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आत्ता मेसेज आला. पोचले ७.२०. एवढाच.

२२ मार्च, रविवार

काल संध्याकाळी गाडी परत केली. सेल्समनने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याला बोट लावलं. बॅटरी ७६ टक्के. रीसेट केलं की रेंज पुसली जाते, चार-पाच किलोमीटर चालवली की परत दिसते, म्हणाला. परतीच्या वाटेवर धास्तीने मी स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं. मी म्हणालो, हे तुम्ही मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

तक्त्यात रकाना वाढवला: रीसेटनंतरच्या रेघा. पासष्ट झाले.

मेमो फ्रिजवर लावलाय. हिने नाही, मुलीने. पाणी प्यायला जाणं टाळतोय.

२४ मार्च, मंगळवार. रात्री ८.१०

ही क्वार्टरचा फॉर्म घेऊन समोर बसली. उद्या द्यायचाय. म्हणाली, आत्ता हो म्हणा, हा फाडून टाकते. मुलगी दारात उभी.

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, तत्त्वतः हो.

तत्त्वतः म्हणजे किती तारखेला, हिने विचारलं. मी म्हणालो, तारखेचं जरा बघावं लागेल.

हिने पेन मागितलं. माझ्या खिशातलं दिलं. हिने सही केली, पेन परत दिलं, थँक्यू म्हणाली. अठरा वर्षांत हिने मला पहिल्यांदा थँक्यू म्हटलं.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

हिला क्वार्टरवर सोडून आलो. सामानाचा टेम्पो पंचावन्न मिनिटांत पोचला. खोलीला एक खिडकी, तिच्यातून पाण्याची टाकी दिसते. कॉट डगमगत होती, पायाखाली पुठ्ठा घालून सरळ केली. ही म्हणाली, बरी झाली. मुलीच्या डब्याचं तीनदा सांगितलं. माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. दुपारी दोनला निघालो.

घर फार मोठं वाटतंय. माझं चुकलं. वही माझीच आहे, इथे लिहायला हरकत नाही.

मात्र चुकीची गाडी घेतली, असं तर कुणी म्हणू शकणार नाही.

३० मार्च, सोमवार. दुपारी १

सेल्समनचा फोन. मॅडमच्या गाडीचं काय ठरलं, विचारत होता. आता टाळाटाळ नको म्हणून स्पष्टच सांगून टाकलं. म्हणालो, गाडी नको. जिच्यासाठी घ्यायची होती ती आता नाही.

हळू आवाजात त्याने विचारलं, कधी गेल्या?

काल दुपारी, मी म्हणालो.

अरेरे, म्हणाला. एकदम अचानक?

नाही, म्हणालो, तीन महिने चाललं होतं. फार त्रास झाला का त्यांना, त्याने विचारलं. हो म्हणालो. झाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो काय समजून बोलतोय. खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने विचारलं, वेळेत काहीच करता आलं नाही का हो?

नाही, म्हणालो, आणि फोन ठेवला.