नव्या कोचची पहिली टेस्ट मॅच

सर, आज इथे कामाला सुट्टी आहे आणि मी तुम्हाला लिहायला बसलोय. नववीत शाळा सोडल्यापासून मी फॉर्म भरण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा कुठे गडबड झाली तर सांभाळून घ्या. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तरी एक गोष्ट माझ्याकडून सांगायची राहिलीय, आणि ती आता डोक्यातून जात नाही. तुम्हाला जिल्ह्याच्या रग्बी टीमवरून काढावं म्हणून आम्ही पोरांनी अर्ज दिलेला. त्याच्यावर पहिली सही माझी होती. तुम्ही असेपर्यंत आपल्यात त्याबद्दल एक शब्द झाला नाही. तुम्ही विषय काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही.

मी आता युरोपातल्या एका छोट्या देशात परांची बांधतो. देशाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तुम्ही वरती बसून त्यांच्या स्क्रमचं कौतुक सुरू कराल. इथे रग्बी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. आमचा फोरमन वयस्कर आहे, डोकी अडकवून स्क्रम रेटताना त्याचे कान घासून घासून फुलकोबीसारखे झालेत. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर मॅच बघत होता आणि मी मागून म्हटलं, "ऑफसाइड." त्याने वळून बघितलं. "तू इंडियाचा ना? तुमचं तर क्रिकेट." मी म्हटलं, "इंडियाचं क्रिकेट. मी दिवा गावचा." त्याला काय कळणार, पण त्या दिवसापासून तो मला शेजारी बसवून घ्यायला लागला.

त्यांची नॅशनल टीम लागोपाठ हरत होती, म्हणून कोच बदलला. तुम्ही म्हणायचात तसंच, देश कुठलाही असो, टेस्ट हरली की पहिला माणूस पडतो तो मैदानाच्या बाहेर उभा असलेला. मागच्या शनिवारी नव्या कोचची पहिली टेस्ट होती आणि फोरमनने मला सोबत नेलं. सर, मी पहिल्यांदा खरी टेस्ट मॅच डोळ्यांनी बघितली. राष्ट्रगीताला पंधरा दांडगे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे होते आणि त्यातला एक रडत होता. पहिला स्क्रम बसला तेव्हा जो आवाज आला, तो फोनवर कधी येतच नाही. भरलेली गोणी वरून टाकल्यासारखा. माझ्या मनात आलं, सरांनी हा आवाज ऐकलेला असणार का कुठे? तुम्ही तरुणपणी मुंबईला कंपनीच्या टीमकडून खेळलेले, पण देशाची टेस्ट तुम्हीपण फोनवरच बघितलेली.

ते जिंकले. बाहेर पडताना फोरमन उड्या मारायचाच बाकी होता. "बघितलंस? पंधरा दिवसांत नव्या माणसाने टीम बदलून टाकली." आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. "पंधरा दिवसांत फक्त बसायच्या जागा बदलतात. ही मॅच जुन्या कोचची आहे." तो थांबला. "कोणी शिकवलं तुला हे?" म्हटलं, आमच्या सरांनी. मग त्याने मला सांगितलं की कोच बदला असं टीमच्या पोरांचंच म्हणणं होतं, पण कॅप्टन आधी जुन्या कोचच्या घरी गेला. त्याच्या समोर बसून त्याला सांगितलं, आम्हाला आता दुसरा माणूस पाहिजे. मग वरती कळवलं. "कोचने काय केलं?" मी विचारलं. फोरमन म्हणाला, "काय करणार? त्याला जेवायला बसवलं." तेव्हापासून सर, त्या जिंकलेल्या मॅचमधलं मला काही आठवत नाही.

मला आपलं ग्राउंड आठवतं. ग्राउंड कसलं, तुमच्या घरच्या मिठागरातला राहिलेला तुकडा. बाकीच्या जमिनीवर बिल्डिंगा उभ्या राहिलेल्या, हा खाडीच्या बाजूचा तुकडा तुम्ही कोणाला हात लावू दिला नाही. उन्हाळ्यात तिथली माती अशी तडकायची की पडलं की गुडघा सोलून निघायचा, वरून मिठाने झोंबायचं. म्हणून रविवारी सकाळी तुम्ही माती भिजवायला टँकर मागवायचात. दिव्यात. जिथे बायका नळाला पाणी आलं की हातातलं पोर खाली ठेवून धावतात, तिथे तुम्ही जमिनीवर ओतायला टँकर आणलेला. पहिल्याच रविवारी सगळ्या चाळी रिकाम्या होऊन बायका हंडे घेऊन उभ्या. एक मावशी म्हणाली, "मास्तर, मातीला तहान लागते आणि आमची पोरं काय उंट हायत?" मी त्या पोरांतलाच होतो, माझी आई त्या रांगेत होती. मला वाटलं आता भांडण होणार. तुम्ही टँकरवाल्याला म्हणालात, "पाइप हिकडं दे, पयले यांचे हंडे भर." आणि आमच्याकडे वळून, "पोरांनो, उचला. जिना चढताना पाणी सांडायचं नाय. हाच वॉर्मअप." तेव्हापासून आमची प्रॅक्टिस तशीच सुरू व्हायची. दोन हातांत दोन हंडे, तिसरा मजला, खाली, परत वर. उरेल ते पाणी मातीला. दुसऱ्या टीमची पोरं आम्हाला हसायची, आणि दुसऱ्या हाफमध्ये त्यांची फाटायची. आमचे पाय तेव्हा कुठे जागे झालेले असायचे.

तुम्ही रागावलात असं मला एकदाच आठवतं. आम्ही सगळे कबड्डीतून आलेलो. पकड आम्हाला शिकवावी लागली नाही, पण एक खोड अंगातून जात नव्हती. कल्याणच्या मॅचमध्ये मला रेषेच्या हातभर अलीकडे दोघांनी खाली पाडलं आणि मी बॉल टाकून दिला आणि मोकळा हात लांब करून रेष शिवली. वर हात करून ओरडलोपण. सगळे हसत होते, रेफ्रीसुद्धा. तुम्ही हसला नाहीत. मॅच संपल्यावर मला रेषेपाशी नेलंत. "हातान बॉल नाय आणि रेष शिवतंस. तुला काय वाटला, तू एकटा घरी पोचलास की झालं? ज्या चौदा जणांनी तो बॉल हितवर आणलान, त्यांचं काय?" मग तिथेच मला वीस वेळा पाडलंत आणि वीस वेळा बॉल पोटाशी धरून सरपटायला लावलंत. त्या वेळी मला अपमान वाटला. आज परांचीवर वरून पाइप खाली देताना, खालच्याच्या हातात पक्का गेल्याशिवाय मी सोडत नाही. इथल्यांना वाटतं मी सावकाश काम करतो.

आणि तुमचं स्वयंपाकघर. शनिवारी दुपारी तिकडे खाली दक्षिणेच्या देशांत टेस्ट असली की आम्ही पाच-सहा जण तुमच्याकडे. मी पहिल्यांदा आलेलो तेव्हा विचारलं होतं, "सर, टेस्ट म्हणजे पाच दिवस यायचं?" काकी इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही शांतपणे समजावलंत की इथे दोन देश समोरासमोर आले की ती टेस्ट, ऐंशी मिनिटांत काय ती परीक्षा संपते. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आवाज बंद. "बोलणाऱ्याचं ऐकून बघायचं नाय," म्हणायचात, "तो बॉल दाखवतो. तुम्ही बॉल नसलेल्याकडं बघा." कुठल्या देशाचा कोच बदलला की तुम्ही ती मॅच चुकवू द्यायचा नाहीत. सगळे नव्या कोचचा चेहरा बघायचे, तुम्ही बोट ठेवून दाखवायचात, हा बघा पोरगा अजून जुन्यासारखा डावा पाय पुढे टाकतोय, हे त्या गेलेल्या माणसाने घोटून घेतलंय. "माणूस जातो, पाय त्याचेच ऱ्हातात." काकी म्हणायच्या, "तुम्हाला काय पडलंय त्या गोऱ्यांच्या नोकऱ्यांचं? जवळा घ्या वाढून." आणि आम्ही भाकरी-जवळा खात परक्या देशाच्या काढलेल्या कोचसाठी हळहळत बसायचो. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही की आपणपण कधी कोणाला काढू.

मग असोसिएशनची नवीन कमिटी आली. त्यातला एक जण आम्हाला शीळफाट्याला चहा पाजायला घेऊन गेला. तुमच्याबद्दल वाईट बोलला नाही, ते सोपं गेलं असतं. म्हणाला, "मास्तर देवमाणूस आहेत. पण सर्टिफिकेट नाही, आणि वरती ओळख नाही. नवीन कोच येतायत त्यांची नॅशनल कॅम्पमध्ये उठबस आहे. तुम्ही पोरांनी लिहून दिलंत तर आम्हाला सोपं पडेल."  मग स्क्रमच्या मधोमध असायचा तो आपला हूकर म्हणाला, "भाई, इंडिया खेळायचंय की इथेच हंडे उचलायचेत?" आणि सगळे हसले. मीपण हसलो. सर, मला इंडिया खेळायचं होतं. बाकी काही खोटं लिहीन, हे नाही. निळी जर्सी घालून खांद्यांवर हात टाकून राष्ट्रगीताला उभं राहायचं, हे मी हंडे चढवताना रोज बघत होतो.

अर्ज गेल्यावर पुढच्या रविवारी मला वाटलेलं ग्राउंड बंद असणार. जमीन तुमची, टँकर तुमचा. पण टँकर आलेला. तुम्ही नव्या कोचला कोपऱ्यातली कडक माती दाखवत होतात, इथे पोरांना पाडू नका म्हणून सांगत होतात. मग रेषेच्या बाहेर टब पालथा घालून बसलात आणि आत पाय टाकला नाहीत. तीच मावशी हंडा टेकवत म्हणाली, "मास्तर, तुमची नोकरी गेली म्हणं." तुम्ही म्हणालात, "नोकरी होती कधी, ती जाईल? तू तुझा हंडा भर." मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होतो. ती नाडी मी किती वेळ बांधत होतो, ते तुम्हाला दिसलं असणारच.

नवीन कोच चांगले होते, हेपण लिहायला पाहिजे. एकाला वर उचलून बॉल झेलायची ती लाइन-आउट आम्हाला त्यांनीच धड शिकवली. पहिली मॅच आम्ही जिंकलो, लोकांनी त्यांना उचललं, कॅप्टन म्हणून माझ्या गळ्यात हार. मी तुमच्या समोरून जात होतो तेव्हा तुम्ही हाक मारलीत. मला वाटलं, आता. तुम्ही म्हणालात, "आज टॅकल समोरच्याच्या खांद्यान गेला. अजून खाली जा." मी म्हटलं, "हो सर." झालं. ती मॅच कोणाची होती ते त्या मैदानावर दोघांनाच माहीत होतं.

कॅम्पला मी गेलेलो. तिसऱ्या दिवशी नाव कापलं. तिथे माझ्यासारखे खूप होते. त्यानंतर मी तुमच्या घरी यायचंच सोडलं, आणि एजंट भेटला तसा आखातात निघून गेलो. तुम्ही गेल्याचं मला तिकडे फोनवर कळलं. सुट्टीत आलो तेव्हा कोपर स्टेशनला उतरून आधी तुमच्याकडेच आलो. काकींनी काही न विचारता तवा ठेवला. आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमचा त्यो अर्ज ह्यांना दाखवलान कमिटीवाल्यांनी." मी हातातली भाकरी ताटात ठेवली. काकी म्हणाल्या, "आरं खा. ह्यांना राग नाय आला. घरी येऊन मना बोलले, पयली सही कॅप्टनची हाय. बाकीची पोरां पाठी लपली, ह्यो म्होरं उभा ऱ्हायला. जे वाटला ते नाव टाकून बोलला. ह्याला मी शिकवलाय." आणि काकींनी अशा अभिमानाने माझ्याकडे बघितलं, जसं मी खरंच टेस्ट खेळून आलोय.

सर, कागद फिरला तेव्हा वरची ओळ कॅप्टनसाठी मोकळी ठेवलेली होती. सगळ्यांच्या सह्या खाली झाल्या, पेन माझ्याकडे शेवटी आला. तोवर मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. एक जरी नाही म्हणाला असता तरी मी त्याच्या मागे उभा राहिलो असतो. कोणी म्हणालं नाही, म्हणून मी त्या मोकळ्या जागेत नाव टाकलं. सर्वात वर दिसतं ते, पण होतं सर्वात शेवटचं.

काकींना मी हे त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांनी आणखी एक भाकरी वाढली, ती मी खाल्ली. हे पत्र पाठवायचं म्हटलं तर पत्ता मला पाठ आहे, पण ते काकींच्या हातात पडेल आणि त्या ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतील. म्हणून पाठवत नाही. काकींना वाईट वाटेल म्हणून, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. जगात एकच घर आहे जिथे मी पुढे उभा राहिलेला पोरगा आहे. ते घर मला सोडवत नाही.