हात मांडीखाली

शुक्रवार, १३ जानेवारी

उद्या तोक्यो. दोन दिवस. पिशवी भरली, उपसली, पुन्हा भरली. आनंदानं कालपासून जेवण गोड लागत नाही, म्हणजे लागतं, पण लक्ष नसतं.

माझ्या लेकीचा, यासुकोचा, परत फोन. आई, लक्षात आहे ना सगळं, म्हणते. तिच्या लेकीचं, होनामीचं, मे महिन्यात लग्न. मुलाची आई ओनुमा-सान, तिला त्याआधी मला बघायचंय. एवढी उत्सुकता कुणाला असते हो? मला सुमो आवडतो हे कळल्यावर तिनं आपण होऊन कुस्त्यांची तिकिटं काढली, चौघींनी गाद्यांवर मांडी घालून बसायची एक चौकट. यासुको म्हणाली, हे नीट पार पडलं तर लग्नात तुला पुढे बसवू. नाही पडलं तर काय, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. न पडायला काय झालंय?

फक्त एवढं म्हणाली, हात आवर. नाहीच आवरला तर मांडीखाली घेऊन बस.

हे जुनंच तुणतुणं. पुतण्याच्या लग्नात मी नवरीच्या मामाला मारलं म्हणे. मारलं नव्हतं, शाबासकीची थाप होती. तो खुर्चीच्या कडेला बसला होता, त्याला मी काय करणार? दात तर त्याचा आधीपासूनच हलत असणार.

खरं तर माझ्याइतकी मवाळ बाई आमच्या निगाताकडे शोधून सापडायची नाही. आमच्या ह्यांनी अख्ख्या संसारात माझा शब्द खाली पडू दिला नाही. डाव्या कानानं ऐकू कमी यायचं, तेवढंच. इकडे बर्फ फार, कानात वारं शिरतं.

संकल्प: दोन दिवस कुणाला हात लावायचा नाही. माशीलासुद्धा नाही. जानेवारीत माश्या नसतात, पण संकल्प तो संकल्प.

भेट म्हणून बर्फाखाली पुरून ठेवलेला मुळा नेतेय. मांडीएवढा जाड आणि पेरासारखा गोड. शेजारची तात्सु म्हणाली, शिगे, तोक्योवाल्यांना छान कागदात बांधलेली मिठाई लागते, मुळा काय नेतेस. तिला कोपरानं ढोसलं. संकल्प उद्यापासून आहे.

शनिवार, १४ जानेवारी, सकाळ, गाडीत

शेजारचा साहेब झोपला आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हात लावला नाही. खांदा फक्त उडवला. तो खिडकीवर आपटला, जागा झाला आणि त्यानंच माझी माफी मागितली. कपाळाला टेंगूळ. चांगल्या घरचा दिसला.

शनिवार, दुपारी, नूडल्सच्या दुकानात

यासुको आणि होनामी स्टेशनवर आल्या होत्या. नात काय देखणी झालीय. लांबून ओळख दाखवायला मी हात वर केला, तर मायलेकींनी एकदम दोन्ही हातांनी केस सावरले. तोक्योत दिसण्याकडे फार लक्ष. यासुकोला तर ही सवय लहानपणापासून आहे, मी हात उचलला की हिचे केस सावरून झालेच.

मग सरकता जिना. आमच्या गावात जिने जागच्या जागी असतात. इथे सगळी माणसं डावीकडे एकामागे एक, आणि उजवीकडे हीऽ मोकळी जागा. लोक बावळट असतात, दुसरं काय. मी मुळा घेऊन ऐसपैस उजवीकडे उभी राहिले. मागून एक जण म्हणाला, माफ करा. मी म्हटलं, केलं. तो परत म्हणाला. मी परत केलं. मग तो घुसला, आणि त्याच्या बॅगेचा धक्का मुळ्याला बसला.

मुळ्याचा तोल गेला. त्याच्या पाठीत एकदा गेला, मानेवर एकदा गेला आणि मोडला.

हात मी लावलेला नाही, हे इथे लिहून ठेवते. यासुको वरपर्यंत त्या माणसापुढे वाकत होती. उलट्या तोंडानं वाकता वाकता वर पोचल्यावर पडायचीच. होनामी मात्र अनोळखी असल्यासारखी पुढे निघून गेली. मी म्हटलं, बरंच झालं, आता एक तुकडा ओनुमांना आणि एक तुम्हाला.

मग असाकुसाच्या देवळात गेलो. धूप जळत असतो, त्याचा धूर दुखऱ्या जागेवर ओढून घ्यायचा, की ती जागा बरी होते. मी गुडघ्यांवर घेतला. होनामी आली आणि ओंजळीनं धूर माझ्या उजव्या हातावर लोटायला लागली. पुन्हा पुन्हा. अगं गुडघे दुखतात, म्हटलं, हात ठणठणीत आहे. ती म्हणाली, माहितीये आजी. तरी लोटत राहिली. गोड पोर आहे, पण ऐकत नाही.

तिथे एक कबुतर पायात आलं. पायाबद्दल संकल्प नव्हता.

शनिवार, संध्याकाळ, यासुकोच्या घरी

डोळ्यांचं पारणं फिटलं. टीव्हीवर काहीच कळत नाही हो. तिथे मांस मांसावर आदळतं तो आवाज पोटात येतो. एकानं दुसऱ्याला चटाचट थोबाडलं, तर त्याचं नाक फुटून लाल थेंब आखाड्यात उधळलेल्या पांढऱ्या मिठावर. एकाचं डोकं दुसऱ्याच्या हनुवटीवर खाडकन. एक तर आखाड्यावरून थेट खाली, म्हाताऱ्या पंचाच्या मांडीवर. मला माहेरची आठवण आली. वडिलांचा हात असाच होता.

ओनुमा-सान बारीक, नाजूक, चिमणीएवढा आवाज. फिक्या निळ्या किमोनोत आली होती. मोडका मुळा तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावायचा तेवढा बाकी होता. मला म्हणाली, तुमच्यासारखी रसिक आजी घरात येतेय, आमचं भाग्य. ऐकलंत? भाग्य. मी यासुकोकडे बघितलं, ती जेवणाच्या डब्याकडे बघत होती.

आणि मी हात मांडीखाली घेऊन बसले होते. मुंग्या आल्या, बधिर झाले, काढले नाहीत. होनामीनं घास भरवला. पुढच्या, खालच्या चौकटीतले आजोबा मागे वळून म्हणाले, काय वहिनी, हात घरी विसरलात का? तरी काढले नाहीत. यासुको हळूच म्हणाली, आई, जमतंय गं तुला. तिचे डोळे भरले होते. एवढ्याशा गोष्टीला.

शेवटची कुस्ती. सगळ्यात वरचा पैलवान, योकोझुना, आणि समोर एक काल आलेलं पोरगं. पोरानं त्याला दोन थपडा लावल्या आणि कमरेनं उचलून पाठीवर पाडलं. आता योकोझुना पडला की बसायच्या गाद्या आखाड्याकडे भिरकवायच्या, हे माझ्या आजोबांच्या आधीपासून चालत आलंय. कर्ण्यावरून बाई ओरडत होती की गाद्या फेकू नका, पण ती दर वेळी ओरडते. चहूकडून गाद्या उडाल्या. मी काही फेकायची नव्हते. हात बधिर होते, गादी त्यांच्याबरोबर वर आली आणि निसटली.

ओनुमा-सान माझ्याच साठी चहा ओतत होती. गादी तिला मागून लागली. थोडी. चहा किमोनोवर सांडला. मग मी माणुसकी म्हणून तो पुसायला गेले, दोन-चार थापा देऊन. तेव्हा तिला बहुधा कुस्ती जवळून बघावीशी वाटली, कारण ती खालच्या चौकटीत गेली. त्या आजोबांच्या डब्यात.

एकंदरीत संकल्प पाळला गेला. परत येताना कुणी बोललं नाही. आनंदानं थकतंच माणूस.

रविवार, १५ जानेवारी, परतीच्या गाडीत

आज दुपारी ओनुमांकडे जेवण होतं आणि उंच मनोऱ्यावर जायचं होतं. पण ओनुमा-सानची मान धरलीय. थंडी. यासुको म्हणाली, आई, सकाळच्या गाडीला गर्दी कमी असते. किती काळजी करते माझी. होनामी झोपली होती, उठवलं नाही.

फलाटावर यासुकोनं आणखी एक सांगितलं. लग्न आता हवाई बेटांवर करणार, समुद्राकाठी, दोघंच जाणार. आधी का नाही बोललात, म्हटलं. म्हणाली, काल रात्री ठरलं. माझ्या गुडघ्यांचा विचार केला असणार त्यांनी. वाळूत मला चालवत नाही. तरी मी म्हटलं, फोटो पाठवा. ती हो म्हणाली. दोन पावलं लांब उभी राहून वाकली. फलाट निसरडा असेल.

सोमवार, १६ जानेवारी

सकाळीच तात्सु हजर. कसं झालं गं शिगे? मी म्हटलं, एकदम शांततेत, ओनुमा-सान तर मला भाग्य म्हणाली. तात्सु म्हणाली, हो का, मग चल, तुला गंमत दाखवते. समाजमंदिरात सगळी म्हातारी मंडळी जमलेली. परवाच्या कुस्त्या टीव्हीवर लागल्या होत्या त्या त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलेल्या. योकोझुना पडतो तिथे आणून थांबवलं होतं. आमची चौकट आखाड्याच्या मागेच.

मला वाटलं, गादी निसटते ते दिसेल. ते दिसलंच नाही. मी गुडघ्यांवर उठलेली, गादी दोन्ही हातांनी डोक्यामागे ओढलेली, दात दिसतायत. मंडळी हसून हसून लोळली. तात्सु म्हणाली, पैलवानबाई, पुढच्या वेळी तूच उतर. मीही हसले. मग म्हटलं, थांब, परत दाखव.

परत दाखवलं. मी हात वर नेते. त्याच क्षणाला डावीकडे यासुको आणि उजवीकडे होनामी, दोघी एकदम खाली वाकतात, मान आत, कोपरं वर, हात डोक्यावर. एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. शिकवल्यासारख्या.

ओनुमा-सान एकटी सरळ बसून चहा ओतत राहते. तिला माहीत नव्हतं.

तात्सुनं विचारलं, अजून एकदा लावू का? मी नको म्हणायला हात हलवला नाही. तोंडानंच म्हटलं.

घरी आले. त्या केस सावरत नव्हत्या.