बाबांचा उरलेला एक शब्द

प्रिय ठमे,

चाळिशी गाठलेल्या बाईला या नावाने हाक मारू नये, हे कळतं मला. पण दुसऱ्या नावाने सुरुवात करून पाहिली तर हात पुढे सरकेना. दोन कागद फाडले. तू रागावून गेलीस त्याला आता तीन वर्षं झाली. "जगाला कसं जगावं ते सांगता, घरात कोण कसं जगतंय ते कधी विचारलंत का?" असं तू बाबांना तोंडावर म्हणालीस, आणि मी आपली टेबल पुसत राहिले. तेव्हा तोंड उघडलं नाही, त्याचं आता वाईट वाटून काय उपयोग.

बाबांचं तुला पेपरातून कळलं असेल. धर्म आणि मन यांवर लिहिणारे ज्येष्ठ विचारवंत आजारी, एवढंच छापलं होतं. झालं ते असं, की आठ महिन्यांपूर्वी दाढी करताना त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सव्वीस पुस्तकं लिहिलेला माणूस, लोक रडत घरी येऊन त्यांना जगण्याचा अर्थ विचारायचे, आणि आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला. पुरे. पाणी हवं असलं तरी पुरे, पडदा ओढायचा असला तरी पुरे. तुझा फोटो दाखवला तरी पुरे, आणि डोळ्यांतून पाणी. वाचा शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी मला नीट समजावलं होतं, "आजी, या आजारात कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि प्रत्येक गोष्टीला तोच बाहेर पडतो. त्याचा अर्थ लावत बसू नका. त्यांच्या डोळ्यांकडे बघा." मी डोळ्यांकडे बघायला शिकले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, खरं सांगते.

अर्थ लावला तो संपादकांनी. तेच, बाबांची पुस्तकं काढणारे, तुला पहिल्यापासून न आवडणारे. सुरुवातीला ते रोज तासभर येऊन बसायचे, मलाही आधार वाटायचा. मग वही घेऊन यायला लागले. बाबा पुरे म्हणाले की वेळ घालून टिपून ठेवायचं. मग वाचक मंडळातली चार माणसं आली, मग त्यांचे बिछाने आले. तुझ्या खोलीत आता दोघे झोपतात. स्वयंपाकघरातली कपाटं मला न विचारता लावली गेली. परवा माझ्याच घरात साखरेचा डबा कुठे आहे ते मी एका परक्या माणसाला विचारलं. सगळे अगदी गोड बोलतात. कुणी आवाज चढवत नाही. मला तर त्याचीच धास्ती बसली आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी बाबांना भरवत होते. तिसऱ्या चमच्याला ते पुरे म्हणाले, तोंड मात्र उघडंच. मी चौथा चमचा पुढे केला तर संपादकांनी माझा हात अलगद खाली घेतला.

"काकू, सर नाही म्हणालेत."

"अहो, तोंड उघडं आहे त्यांचं!"

"ते शरीर झालं. सर बोलले ते वेगळं."

मग त्यांनी बाबांचं जुनं पुस्तक आणून एक पान वाचून दाखवलं. माणूस आपलं थांबणं स्वतः निवडतो तेव्हाच त्याचं जगणं पूर्ण होतं, असं काहीसं. ते पान मीच टाइप केलेलं. बाबा तेव्हा बेचाळीस वर्षांचे, ठणठणीत. लिहून झाल्यावर दोनदा वाढून घेऊन जेवले आणि भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडले. हे मी संपादकांना सांगितलं. ते हसले, आणि तेही वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर जेवण दिवसातून एकदाच झालं. मग नुसतं पातळ. वाचा शिकवणाऱ्या बाईंना आता गरज नाही म्हणून कळवलं, नेहमीच्या डॉक्टरांनाही. फोन संपादकांकडेच असतो. सकाळी सातला सगळे खाली हॉलमध्ये वाचनाला बसतात. तेवढ्या पाऊण तासात मी दुधात पाव कुस्करून बाबांना भरवते, ओठ पुसते आणि वाटी माझ्या कपड्यांमागे ठेवून देते. बाबांना सगळं कळतं, ठमे. खाताना ते एकदाही पुरे म्हणत नाहीत. दाराकडे बघत, आवाज न करता गिळतात. ज्यांचं भाषण ऐकायला लोक जिन्यात उभे राहायचे, ते स्वतःच्या घरात चोरून खातात.

काल हॉलमध्ये साठ खुर्च्या येऊन पडल्या. सोमवारी फुलं यायची आहेत. कशासाठी, म्हणून विचारलं, तर संपादक म्हणाले, "लागतील, काकू."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. परवा त्यांनी एक कागद पुढे केला आणि मी सही केली. सरांच्या इच्छेनुसार अन्न आणि औषधं थांबवायला घरच्यांची हरकत नाही, असं त्यात आहे. चष्मा सापडला नाही असं तुला सांगता आलं असतं, पण चष्मा डोळ्यांवरच होता. पाच माणसं भोवती उभी होती, सगळी हसतमुख, आणि मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं म्हणतात तर तसंही असेल. शनिवारपासून बाबांच्या खोलीत चोवीस तास दोघे बसणार आहेत, मग मला वाटी नेता येणार नाही. आपला लाँड्रीवाला उद्या बहिणीकडे तुझ्याच शहरात जातोय, तो हे पत्र तुझ्या हातात देईल. घरच्यांमध्ये तूही येतेस. तुझी हरकत आहे, एवढं सांगायला ये. डॉक्टरांना घेऊन ये, जमलं तर पोलिसांनाही. बेल वाजवू नको, मागच्या दाराची कडी मी काढून ठेवीन. माझ्यावर रागवायचं ते नंतर रागव, हवं तेवढं. आज सकाळी वाटी रिकामी झाल्यावर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. वाचन संपलं, जिन्यावर पावलं वाजायला लागली, तरी सोडेनात. शेवटी त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

घाबरलेली, तुझीच
आई